तुटलेले सील आणि दिलेला शब्द

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरात आणि मोहल्ल्यात लिहिता-वाचता येणारी माणसे आता पुष्कळ झाली आहेत, तरीही सरकारचा किंवा कंपनीचा कागद आला की तो फिरत फिरत आमच्यापुढे येऊन पडतो. मास्तर म्हटला की त्याला उर्दू, मराठी, इंग्रजी या तिन्ही भाषांत अर्ज लिहिता येतो असा लोकांचा भाबडा समज आहे आणि आम्हीही तो मोडत नाही. रेशनकार्डावरील नावाची दुरुस्ती, वीजबिलाची तक्रार, यंत्रमागाच्या कर्जाची मुदतवाढ, हजच्या फॉर्मवरील स्पेलिंग, असे शेकडो अर्ज आम्ही लिहिले. बहुतेक विसरून गेलो. एक मात्र विसरता येत नाही. त्यातील एक ओळ खोटी होती आणि लिहिताना ती खोटी आहे हे आम्हाला ठाऊक होते.

ती ओळ अशी : 'सदर वाहनाच्या इंजिनामध्ये आमच्याकडून कोणताही बदल करण्यात आलेला नाही.'

अर्ज आमच्या मामूंचा होता. मामूंनी तीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. मालेगावातून कांदा किंवा कापड घेऊन जायचे आणि येताना भिवंडीहून सुताची गाठोडी आणायची, हा त्यांचा जन्माचा रस्ता. २०२१ साली त्यांनी कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला. नवा कोरा, दहा टायरचा, भारत स्टेज सहाचा. पहिल्या दिवशी नारळ फोडला, फातिहा दिली आणि आम्हाला बोनेटवर हात ठेवायला लावून म्हणाले, "बघ मास्टर, आता ही आपली." त्या 'आपली' शब्दाचा अर्थ काय, हाच या लेखाचा विषय आहे.

विषय नीट कळण्यासाठी थोडे यंत्राचे बोलावे लागेल. इंजिनात डिझेल जळायला हवा लागते. जितकी हवा जास्त, तितके डिझेल नीट जाळता येते आणि तितकी ताकद मिळते. एरवी इंजिन हवा आपल्या श्वासाने ओढते. अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस अभियंत्याला प्रश्न पडला, की सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या गरम धुराकडूनच हवा आत ढकलण्याचे काम का करून घेऊ नये? १९०५ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. हाच टर्बो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. एक चक्र धुराच्या झोताने फिरते, दुसरे त्याच्याबरोबर फिरून हवा दाबून इंजिनात भरते. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून गार करून आत सोडतात. हा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, आणि तो फिरतो केवळ ऑइलच्या एका पातळ थरावर. एका बाजूला सहा-सातशे अंश तापमानाचा धूर, दुसऱ्या बाजूला थंड हवा आणि मध्ये ऑइलचा पडदा. त्या ऑइलचा पुरवठा थोडा जरी कमी झाला तरी दांडा डगमगतो, पाते घराला घासते आणि काही क्षणांत सगळे संपते. म्हणूनच जुने ड्रायव्हर घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करीत नाहीत. दोन-तीन मिनिटे तसेच चालू ठेवतात. ही गोष्ट त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेली नाही.

पूर्वीच्या गाड्यांत डिझेल किती जायचे हे पंपावरचा एक स्क्रू ठरवी. कारखान्यातून गाडी निघताना त्या स्क्रूवर तार गुंडाळून शिशाचे सील मारलेले असे. घाटात गाडी मरगळते, 'पिकअप' मिळत नाही, अशी तक्रार घेऊन ड्रायव्हर पंपवाल्याकडे जाई. पंपवाला सील कापी, स्क्रू अर्धा आटा फिरवी आणि गाडी काळा धूर सोडीत घाट चढू लागे. आता स्क्रू गेला आणि संगणक आला. किती डिझेल, किती दाबाने, कोणत्या क्षणी, टर्बोने किती हवा भरायची, हे सगळे गणित एका डबीत भरलेले असते. सील तेच आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. आणि ते कापायला पक्कड लागत नाही, लॅपटॉप पुरतो.

मामूंच्या गाडीचे हे अदृश्य सील ज्याने तोडले तो आमचाच विद्यार्थी होता. त्याचे नाव इथे घेत नाही. नववीत असताना त्याने शाळेचा बंद पडलेला रेडिओ उघडून चालू करून दाखवला होता. रेडिओ न विचारता उघडल्याबद्दल मुख्याध्यापकांनी त्याला छडी दिली आणि आम्ही त्याला पेढा दिला. दहावीनंतर आयटीआय करून तो धुळ्याच्या एका गॅरेजमध्ये लागला. तिथे जळालेल्या वायरी बदलण्यापासून सुरुवात करून तो इंजिनाचे गणित वाचायला आणि बदलायला शिकला. कोणत्याही वर्गात शिकवली न जाणारी ही विद्या त्याने मोबाइलवर पाहून आणि हात भाजून घेऊन मिळवली. आम्हाला त्याचा अभिमान वाटतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

मामू त्याच्याकडे का गेले? हौस म्हणून नव्हे. अमेरिकेत टर्बो डिझेलचे मोठे पिकअप ट्रक लोक स्वतःच्या हौसेसाठीही ठेवतात आणि त्यांतले काहीजण मुद्दाम काळा धूर सोडण्याची मौज करतात. आमच्या मामूंना मौज परवडत नाही. दर महिन्याचा हप्ता, टोल, टायर, क्लीनरचा पगार हे वजा जाता हातात जे उरते ते फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. महिन्यात एक फेरी जास्त झाली तर घर चालते, एक कमी झाली तर उधारी होते. शिवाय नव्या गाडीला डिझेलबरोबर युरियाचे पाणी लागते. शंभर लिटर डिझेलमागे चार-पाच लिटर. ते संपले की संगणक गाडीची ताकद आपोआप कमी करतो आणि भरल्या गाडीनिशी माणूस रस्त्यात अडकतो. मुलगा म्हणाला, "मामू, पंधरा-वीस टक्के ताकद वाढवून देतो आणि युरियाची कटकटही काढून टाकतो." एका दुपारचे काम होते. मामूंनी आम्हाला विचारले नाही. पण नंतर सांगितले तेव्हा आम्हीही काही बोललो नाही.

चार महिने सगळे छान चालले. मग एका रात्री सुताची गाडी भरून येताना कसारा घाटाच्या अर्ध्यावर टर्बोची शिट्टी अचानक बंद झाली, निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि गाडी उभी राहिली. टर्बोचा दांडा गेला होता, पात्यांचे तुकडे आणि ऑइल इंटरकूलरपर्यंत पोहोचले होते. खर्च एक लाख चाळीस हजार. वॉरंटी अजून शिल्लक होती.

इथे गोष्टीत एक गाठ आहे. गाडीला हात लावण्याच्याही चार महिने आधी, नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी, टर्बोला ऑइल देणाऱ्या पाइपातून गळती होत असल्याचे मामूंनी सांगितले होते. सर्व्हिस सेंटरने जॉब कार्डावर ते लिहून घेतले आणि पाइप बदलण्याऐवजी नुसता आवळून दिला. ते जॉब कार्ड मामूंनी जपून ठेवले होते. म्हणजे टर्बो मेला तो कारखान्याच्या सदोष पाइपाने, की आमच्या विद्यार्थ्याने वाढवलेल्या दाबाने? दोन्ही कारणे शक्य होती. बहुधा दोन्ही मिळूनच त्याचा जीव गेला. कोणाचा वाटा किती, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकले नसते.

मुलाने रातोरात येऊन जुने गणित पुन्हा डबीत भरले. मामू आमच्याकडे आले. म्हणाले, "लिख दो मास्टर, इंजन को हाथ भी नहीं लगाया." आम्ही दोन मिनिटे पेन हातात घेऊन बसलो. मग आमच्या मनाने आम्हाला तीन युक्तिवाद पुरवले. कंपनी कोट्यवधींची आहे, तिला लाख-दीड लाखाचे काय? पाइप तर त्यांचाच खराब होता. आणि सगळेच असे लिहितात. आम्ही लिहिले. अक्षर नेहमीप्रमाणे सुंदर आले.

आठ दिवसांनी सर्व्हिस इंजिनिअरने गाडीला त्याचा संगणक जोडला. गणित जुनेच होते. पण डबीत गणित किती वेळा बदलले गेले याचीही मोजणी आत कुठेतरी होत असते, आणि ती मोजणी पुसली गेली नव्हती. त्याने आकडा दाखवला. मग मामूंनी जॉब कार्ड पुढे केले, पाइपाच्या गळतीचे सांगितले. त्याने आमचा अर्ज उचलून त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, "चाचा, हे खोटे आहे, मग ते खरे कशावरून?" दावा पूर्णपणे नाकारला गेला. आमच्या एका खोट्या ओळीने मामूंची खरी बाजूही मारली.

त्या रात्री झोप आली नाही आणि पुढेही अनेक दिवस आम्ही या प्रश्नावर विचार करीत राहिलो. तो विचार इथे मांडतो. वाचकांना पटेल तेवढा त्यांनी घ्यावा.

पहिला प्रश्न मालकीचा. मामूंचे म्हणणे सरळ होते. पैसे मी दिले, हप्ते मी भरतो, मग माझ्या गाडीत काय करायचे ते मी ठरवणार. यात तथ्य आहे. विकत घेतलेल्या वस्तूचे झाकण उघडण्याचाही हक्क नसेल तर ती विकत घेतली की भाड्याने, असा प्रश्न पडतो. आमच्या विद्यार्थ्याने तर आणखी एक मुद्दा काढला. तो म्हणाला, "सर, कंपनी स्वतः एकच इंजिन कमी-जास्त ताकदीत विकते. फरक पुष्कळदा गणिताचाच असतो. त्यांनी आकडा बदलला की ते नवे मॉडेल आणि मी बदलला की गुन्हा?" आम्ही त्याला म्हटले, की जास्त ताकदीच्या मॉडेलमध्ये कधी टर्बो वेगळा असतो, कधी पिस्टन, कधी रेडिएटर मोठा असतो. आकड्यामागे लोखंड उभे असते. तू आकडा वाढवलास पण लोखंड तेच राहिले. क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट, सगळ्यांवर वाढीव जोर आला आणि त्यांना कोणी विचारले नाही. तो हसला, पण गप्प राहिला.

तरीही मालकीचा मुद्दा आम्ही फेटाळत नाही. गाडी मामूंचीच होती. मात्र वस्तूबरोबर तिच्याविषयीचे सत्यही आपल्या मालकीचे होते का? आपल्या घराला आपण हवा तो रंग द्यावा. पण घर विकताना भेगेवर रंग मारून ती दडवली, तर भिंत आपली होती हे उत्तर पुरत नाही. भिंत बदलण्याचा हक्क आणि भिंतीविषयी खोटे बोलण्याचा हक्क हे दोन वेगळे आहेत. पहिला मालकाला आहे. दुसरा कोणालाच नाही.

दुसरा प्रश्न वॉरंटीचा. वॉरंटी म्हणजे काय? आम्ही शाळेत शब्दांचे अर्थ शिकवतो, म्हणून सवयीने शोधू लागलो. मराठीत हमी म्हणतात, उर्दूत जमानत. कोणासाठी तरी जामीन राहणे. जामीन राहणारा माणूस ओळखीच्या माणसासाठी उभा राहतो. त्याच्या गैरहजेरीत तो माणूस बदलला, तर जामीनदाराने काय करावे? कंपनी म्हणते, मी ज्या इंजिनाची हमी दिली ते इंजिन हे नव्हेच. हे म्हणणे अगदीच गैर नाही. पण याच वाक्याच्या आडोशाने ती वाटेल ते नाकारू लागली तर? दिव्याची वायर बाहेरून बदलली म्हणून गिअरबॉक्सची हमी गेली, असेही सांगितले जाते. हात लावला एका ठिकाणी आणि शिक्षा सगळ्या शरीराला!

या दोन टोकांच्या मध्ये न्याय कुठे आहे, हा प्रश्न जुना आहे. हनफी फिकहमध्ये विक्रीच्या प्रकरणात 'खियारे ऐब' नावाचा हक्क सांगितला आहे. वस्तूत विकण्याआधीचाच छुपा दोष निघाला तर घेणारा ती परत करू शकतो. पण घेणाऱ्याच्या ताब्यात असताना तिच्यात दुसरा, नवा दोष निर्माण झाला असेल तर? मग ती वस्तू विकणाऱ्याच्या गळ्यात परत मारता येत नाही. कारण त्याने दिली त्यापेक्षा ती आता वाईट झाली आहे. मात्र जुन्या दोषामुळे किंमत जितकी कमी होते तितकी भरपाई मागता येते. नवा ऐब जुन्या ऐबाला गिळत नाही. हे वाचले तेव्हा आम्ही थक्क झालो. उंट आणि धान्याच्या व्यवहारांसाठी केलेला हा विचार मामूंच्या टर्बोला तंतोतंत लागू पडत होता. गळका पाइप जुना ऐब, वाढवलेला दाब नवा ऐब.

अमेरिकेत १९७५ साली झालेला मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदाही जवळपास याच दिशेने जातो. ग्राहकाने अमुकच कंपनीचा सुटा भाग वापरला पाहिजे, नाहीतर हमी रद्द, अशी अट तिथे सर्वसाधारणपणे घालता येत नाही. बाहेरचा भाग बसवला एवढ्यावर दावा नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवले तर मात्र नाकारता येतो. २०१८ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा मोठ्या कंपन्यांना अशा अटींबद्दल इशाऱ्याची पत्रे पाठवली होती. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक त्यात ग्राहक ठरत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतली असेल तर ठरतो. दोषाची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घेण्याची सोयही आहे. म्हणजे स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या मामूंसाठी दार उघडे होते. पण त्या दारातून जायला हातात स्वच्छ कागद हवा होता आणि तो आम्ही आधीच मळवून ठेवला होता.

इथे कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही गरिबालाच नीती शिकवता, कंपन्या काय धुतल्या तांदळासारख्या असतात? नसतात. २०१५ साली फोक्सवॅगन या जगप्रसिद्ध कंपनीचे प्रकरण उघड झाले. तिच्या डिझेल गाड्यांच्या संगणकात अशी लबाडी भरलेली होती, की चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी स्वच्छ धूर सोडी आणि रस्त्यावर आली की मर्यादेच्या कितीतरी पट विषारी वायू सोडी. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या. २०१७ साली कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने २०२४ साली अमेरिकेत १६७ कोटी डॉलरहून अधिक दंडाची तडजोड केली. सुमारे सहा लाख तीस हजार पिकअप ट्रकांच्या इंजिनांत प्रदूषण-नियंत्रणाला बगल देणारी व्यवस्था बसवल्याचा आरोप होता. आपण काही चूक केल्याचे कंपनीने मान्य केले नाही, पण दंड मान्य केला. आमच्या विद्यार्थ्याने धुळ्याच्या गॅरेजात जे केले त्याच जातीची गोष्ट वातानुकूलित खोल्यांत बसूनही झाली होती. सील आतूनही तुटते.

मग मामूंनी केले त्यात वावगे काय? हा युक्तिवाद आम्ही वर्गात रोज ऐकतो. "सर, त्यानेही कॉपी केली." दुसऱ्याची कॉपी आपल्या उत्तरपत्रिकेला शुद्ध करीत नाही. मोठ्यांच्या लबाडीने एवढेच होते, की त्यांना आपल्यापुढे उंच आसनावर बसून उपदेश करता येत नाही. त्यांचे आसन जाते. आपली जबाबदारी जागच्या जागी राहते.

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत उशिरा सुचला आणि तोच सर्वांत जड आहे. आतापर्यंत आम्ही दोघांचाच विचार करीत होतो, मामू आणि कंपनी. पण या व्यवहारात एक तिसरा आहे, ज्याने कोणत्याच कागदावर सही केलेली नाही.

आमची शाळा मुंबई-आग्रा महामार्गापासून फार लांब नाही. हिवाळ्याच्या सकाळी प्रार्थनेला मुले उभी राहतात तेव्हा रस्त्याकडून धूर जमिनीलगत सरकत येतो. दर वर्गात दोन-तीन मुले खोकत असतात. पंप घेऊन येणारी मुले पूर्वी आम्ही पाहिली नव्हती, आता पाहतो. सगळा दोष ट्रकांचा नाही, हे आम्हाला समजते. सायझिंगची धुरांडी आहेत, जळणारे प्लास्टिक आहे. पण १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाचा हेतू या मुलांच्या फुफ्फुसांशी जोडलेला आहे. धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर युरियाच्या पाण्याचा फवारा मारून त्यांचे साधा नायट्रोजन आणि वाफ यांत रूपांतर करायचे, यासाठी ती टाकी आहे. आमच्या विद्यार्थ्याने जिला 'कटकट' म्हटले ती हीच. मोटार वाहन कायदा कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कैदेची किंवा दंडाची शिक्षाही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब उरतोच. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० साली असा अंदाज दिला, की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढून टाकली गेली होती. त्या मालकांतील कितीजणांनी हा विचार केला असेल, की आपला ट्रक आपला असला तरी हवा आपल्या एकट्याची नाही?

कंपनीने उद्या म्हटले, की आमची हरकत नाही, खुशाल बदला, वॉरंटीही देतो, तरीही युरियाची नळी तोडणे चूकच राहील. कारण ज्याचे नुकसान होते त्याची परवानगी कंपनी देऊ शकत नाही. ताकद वाढवणे हा मामू आणि कंपनी यांच्यातला व्यवहार होता. धूर सोडणे हा मामू आणि आमच्या चौथीच्या वर्गातला व्यवहार होता. आम्ही त्या वर्गाचे शिक्षक असून गप्प बसलो होतो.

विद्यार्थ्याशी आम्ही यावर पुष्कळ बोललो. त्याने वाद घातला, रागावला, एकदा उठूनही गेला. त्याचे एक वाक्य मनाला लागले. म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवले होते की जे बंद आहे ते उघडून बघा." खरे आहे. आम्ही ते शिकवले आणि पुन्हाही शिकवू. बंद डब्याला हात लावायला घाबरणाऱ्या मुलांपेक्षा तो उघडणारी मुले आम्हाला हवी आहेत. आमच्या वस्तीतील अर्धी घरे दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रे उघडून दुरुस्त करण्यावर जगतात, लूम असो की ट्रक. उघडण्यात दोष नाही. पण आम्ही शिकवताना अर्धेच शिकवले. उघडल्यावर काय बदलले ते सांगावे, लिहून ठेवावे आणि ज्याला त्याची झळ लागेल त्याला विचारावे, हा उरलेला अर्धा धडा राहून गेला. रातोरात जुने गणित पुन्हा भरणारा त्याचा हात आणि ती ओळ लिहिणारा आमचा हात यांत फरक शोधला तर आम्हाला सापडत नाही. उलट तो तरी हुन्नर दाखवीत होता. आम्ही नुसते अक्षर दाखवीत होतो.

शेवटी काय झाले ते सांगितले पाहिजे. आम्ही मामूंना म्हटले, आपण दुसरा अर्ज करू. मामू चिडले. "आधी खोटे लिहून बुडवलेस, आता खरे लिहून बुडव!" तरी आम्ही लिहिला. त्यात पहिला अर्ज आमच्या हातचा आणि खोटा होता हे लिहिले. गणित कधी बदलले ती तारीख लिहिली, त्याआधीच्या जॉब कार्डाची प्रत जोडली आणि एवढेच मागितले, की गळक्या पाइपाचा जो वाटा असेल तेवढा तरी मान्य करावा. सहीच्या वेळी मामूंनी पेन बराच वेळ धरून ठेवले, मग सही केली. महिन्याभराने उत्तर आले. दावा मान्य नाही. ग्राहक आयोगात जाता आले असते, पण उभी गाडी हप्ता थांबवत नाही. तोवर मामूंनी उधार-उसनवार करून टर्बो बसवला होता आणि ते रस्त्यावर होते. सत्य लिहिल्याचे बक्षीस मिळाले असे आम्ही वाचकांना सांगू शकत नाही. पदरात आली ती फक्त पाटी कोरी झाल्याची भावना, आणि त्या उधारीपैकी काही रक्कम आम्ही गेली दोन वर्षे आमच्या पगारातून फेडतो आहोत. ती आमच्या ओळीची किंमत आहे असे आम्ही समजतो.

गाडीत आता मूळचे गणित आहे आणि युरियाची टाकी भरलेली असते. कसारा घाट चढायला थोडा वेळ जास्त लागतो, त्याबद्दल मामू अजून कुरकुरतात. काही महिने ते आमच्याशी जेमतेम बोलत होते. मागच्या रमजानमध्ये एका संध्याकाळी इफ्तारनंतर ते विम्याचा एक फॉर्म घेऊन आले. पार्किंगमध्ये दुसऱ्या गाडीला मागून थोडा धक्का लागला होता, त्याची हकीकत लिहायची होती. आम्ही विचारले, "मामू, चूक कोणाची?" त्यांनी चष्मा काढून पुसला, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, "माझीच. तसेच लिही."